दुकानदार परका, राग कोणावरचा?

१९ मार्च १९३५ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील १२५व्या रस्त्यावरच्या एका मोठ्या दुकानात १६ वर्षांच्या मुलाने खिशात मावणारा एक लहानसा चाकू उचलला. नोकरांनी त्याला पकडले, झटापट झाली आणि थोड्या वेळाने त्याला मागच्या वाटेने सोडून देण्यात आले. मुलगा सुखरूप होता, परंतु त्याला मारून टाकल्याची अफवा रस्त्यावर पसरली, रात्रभर दुकाने फुटत राहिली आणि तीन माणसे मेली. जानेवारी १९४९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन शहरात एका भारतीय दुकानदाराने १४ वर्षांच्या आफ्रिकन मुलाला मारहाण केली. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत अधिकृत नोंदीनुसार १४२ माणसे मृत्युमुखी पडली. १६ मार्च १९९१ रोजी लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागात लताशा हार्लिन्स ही १५ वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी संत्र्याच्या रसाची १ डॉलर ७९ सेंटची बाटली घ्यायला एका कोरियन कुटुंबाच्या दुकानात गेली. ती चोरी करते आहे असे गल्ल्यावरच्या बाईंना वाटले, दोघींत मारामारी झाली, आणि मुलगी बाटली तिथेच ठेवून पाठ फिरवून निघाली असताना त्या बाईंनी तिच्या डोक्यात गोळी झाडली. पैसे मुलीच्या हातातच होते.

तिन्ही वेळा प्रसंगाच्या केंद्रस्थानी एक अल्पवयीन मूल आहे आणि एक दुकान आहे, आणि दोन प्रसंगांत तर चोरीचा नुसता संशय किंवा एखादी क्षुल्लक चोरी एवढेच निमित्त आहे. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. गरीब वस्तीतल्या मुलाला शहराच्या मोठ्या व्यवहाराशी स्वतः संबंध ठेवण्याची पहिली संधी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, आणि तिथे त्याच्याकडे कसे पाहिले जाते यावरून आईबापांना आपली पत कळते. म्हणून दुकानातल्या मुलाचा अपमान ही वस्तीच्या दृष्टीने किरकोळ घटना राहत नाही. मात्र एवढ्यावरून दुकानदार आणि रहिवासी यांच्यातील तणाव समजत नाही. त्यासाठी आधी एक साधा प्रश्न विचारावा लागतो: ज्या वस्तीत राहायला आणि व्यापार करायला इतर कोणी तयार नसते, तिथे दूरच्या देशातून आलेला माणूस दुकान का उघडतो?

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी आधीचा दुकानदार निघून गेला या वाक्याने सुरू होते. अमेरिकेतील अनेक कृष्णवर्णीय वस्त्यांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बरीच दुकाने ज्यू कुटुंबांची होती. १९६५ साली लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगल झाली, पुढची दोन-तीन वर्षे इतर शहरांतही तेच घडले, आणि वय झालेले मालक दुकाने विकून बाहेर पडू लागले; त्यांची शिकलेली मुले हा धंदा पुढे चालवणार नव्हतीच. मोठ्या साखळी-दुकानांनीही अशा वस्त्यांतून काढता पाय घेतला. नेमक्या त्याच १९६५ साली अमेरिकेने स्थलांतराचा कायदा बदलला आणि आशियातून येणाऱ्यांसाठी दार उघडले. कोरियातून आलेल्या अनेकांकडे पदव्या होत्या, परंतु इंग्रजी कच्चे होते आणि त्या पदव्यांना नव्या देशात किंमत नव्हती. नोकरी मिळेना, तेव्हा स्वतःचे दुकान हाच मार्ग उरला, आणि चांगल्या भागातील भाडे परवडत नसल्यामुळे हे दुकान जिथे जागा स्वस्त तिथेच होणार होते. वस्ती त्यांनी निवडली असे म्हणण्यापेक्षा, बाकी सर्व वस्त्यांनी त्यांना नाकारल्यावर जी उरली ती त्यांनी घेतली असे म्हणणे अधिक खरे आहे.

आता भांडवलाचा मुद्दा. या दुकानदारांना सरकार किंवा बँका खास कर्ज देतात, अशी समजूत रहिवाशांमध्ये अनेकदा आढळते. प्रत्यक्षात पैसा उभा राहतो तो देशातून आणलेल्या बचतीतून, नातेवाइकांकडून आणि भिशीतून. कोरियन लोक भिशीला ‘के’ म्हणतात. ओळखीच्या माणसांनी दरमहा ठरावीक रक्कम जमा करायची आणि पाळीपाळीने एकाने ती सगळी उचलायची, ही तिची रीत. दुकान उभे राहिल्यावर नवरा, बायको आणि शाळेतून आलेली मुले मजुरी न घेता दिवसाचे बारा-चौदा तास राबतात, आणि घाऊक माल देणारा व्यापारीही बहुधा आपल्याच समाजाचा असल्यामुळे थोडी उधारी मिळते. पलीकडच्या बाजूला त्याच रस्त्यावर दुकान काढू इच्छिणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणाला बँक दारात उभे करत नाही, आणि त्याच्या नातेवाइकांकडे पिढ्यान्‌पिढ्या साठत आलेली मालमत्ता नसते, कारण ती साठूच दिली गेलेली नसते. त्याला दिसते ते एवढेच, की काल आलेला माणूस आज मालक झाला आणि आपण इथेच जन्मून गिऱ्हाईकच राहिलो. ही तक्रार दुकानदाराविषयी असली तरी तिचे कारण बँकेत आहे, आणि बँक त्या रस्त्यावर नाही.

भावाविषयीची तक्रार सर्वांत जुनी आहे आणि ती खरीही आहे. गरिबाला तीच वस्तू महाग पडते. अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने १९६८ साली वॉशिंग्टन शहरातील फर्निचर आणि घरगुती उपकरणांच्या दुकानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घाऊक बाजारात १०० डॉलरला मिळणारा माल सर्वसाधारण दुकानात सरासरी १५९ डॉलरला विकला जात होता, तर गरीब गिऱ्हाइकांवर चालणाऱ्या दुकानात २५५ डॉलरला. हा आकडा वाचून कोणाचाही संताप होईल. परंतु आयोगाने पुढे जाऊन या दुकानांचे हिशेबही तपासले, आणि त्यांचा निव्वळ नफा इतरांपेक्षा फारसा जास्त निघाला नाही. फरकाचा मोठा भाग हप्त्यांची वसुली, बुडीत उधारी आणि विक्रेत्यांचे कमिशन यांत जिरत होता. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचे गणित याहून वेगळे असले तरी त्याची दिशा तीच असते: माल थोडा थोडा घ्यावा लागतो म्हणून घाऊक सवलत मिळत नाही, विमा महाग असतो किंवा मिळतच नाही, चोरी आणि दरोड्याचा धोका किमतीत धरावा लागतो. त्यामुळे गिऱ्हाईक लुबाडले जात असते आणि दुकानदार श्रीमंतही होत नसतो. दोघांपैकी एकजण खोटे बोलत असला पाहिजे अशी आपली सहज समजूत असते. या विषयात ती टाकून द्यावी लागते.

तरीही लोकांशी बोलल्यावर भावापेक्षा वागणुकीची तक्रार जास्त ऐकू येते, आणि ती सर्वांत नाजूक असल्यामुळे तिच्यापाशी थोडे थांबायला हवे. भाषा आणि समाज यांचे अभ्यासक बेंजामिन बेली यांनी लॉस एंजेलिसमधील कोरियन दुकानांतले संभाषण चित्रित करून त्याचा बारकाईने अभ्यास केला. कोरियन गिऱ्हाईक आले की नमस्कार, किंमत, पैसे आणि निरोप एवढ्यात काम संपत असे, आणि दोन्ही बाजूंना त्यात काही उणे वाटत नसे. कृष्णवर्णीय गिऱ्हाईक मात्र आपल्याविषयी काही सांगे, विनोद करी, एखाद्या बातमीवर मत देई, आणि समोरूनही तशाच प्रतिसादाची अपेक्षा ठेवी. अनोळखी माणसाशी आवर घालून बोलणे हा एका रीतीत आदर असतो. दुसऱ्या रीतीत त्याच माणसाला आपल्या बोलण्यात सामावून घेणे हा आदर असतो. त्यामुळे दुकानदार गप्प राहून आपल्या परीने सभ्यपणा पाळत असताना गिऱ्हाइकाला तो तुच्छता दाखवतो आहे असे वाटते, आणि गिऱ्हाईक मोकळेपणाने बोलत असताना दुकानदाराला तो अंगावर येतो आहे असे वाटते. त्यात इंग्रजी तोकडे असल्यामुळे विनोदाला उत्तर देता येत नाही, आणि हे न येणेसुद्धा नकार म्हणून वाचले जाते.

या निष्कर्षाचा एक सोयीस्कर अर्थ काढला जातो, की सगळा केवळ गैरसमज आहे आणि दोन्ही बाजूंना एकमेकांच्या चालीरीती शिकवल्या की प्रश्न सुटेल. ते मला पटत नाही. गिऱ्हाइकाच्या मागे मागे फिरणे, पिशवी उघडायला सांगणे, जाड काचेआडून पैसे घेणे यांत चालीरीतीचा काहीही भाग नाही. तो संशय आहे, आणि तो माणसाच्या रंगावरून घेतला जातो. दुकानदाराने नव्या देशात पाऊल ठेवण्यापूर्वीच सिनेमा आणि बातम्यांतून कृष्णवर्णीयांविषयीचे पूर्वग्रह उचललेले असतात. दुसऱ्या बाजूला, अशा वस्त्यांत गल्ल्यावर बसलेली माणसे दरोड्यांत मारली गेली आहेत हेही खरे आहे, आणि ज्याच्या शेजारच्या दुकानदाराला गोळी लागली आहे त्याला निर्धास्त राहायला सांगणे सोपे नाही.

रोजगाराची तक्रार अशी असते: पैसा आमचा जातो, मग काम आम्हाला का नाही? ही मागणी १९३० च्या दशकातील आहे. जिथे नोकरी मिळत नाही तिथे खरेदी करू नका, अशी मोहीम तेव्हा शिकागो, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन अशा शहरांत चालली होती, आणि दुकानांपुढे फलक घेऊन उभे राहण्याचा हक्क १९३८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. त्या वेळी मागणी मुख्यतः नोकर ठेवू शकणाऱ्या दुकानांकडे होती. स्थलांतरिताच्या छोट्या दुकानाची अडचण निराळी आहे. ते टिकते तेच घरच्या फुकट श्रमांवर, आणि घरचेच राबतात म्हणून वस्तीतल्या कोणाला काम मिळत नाही. ज्या गोष्टीमुळे दुकान जगते तीच गोष्ट रहिवाशांची तक्रार ठरते. दुकानदार राहायला दुसऱ्या भागात असेल तर रात्री शटर पडल्यावर दिवसभराचा पैसा वस्ती सोडून जातो, हेही लोक पाहत असतात.

समाजशास्त्रज्ञ एडना बोनासिच यांनी १९७३ साली अशा समूहांना मध्यस्थ अल्पसंख्याक म्हणून ओळखण्याचा सिद्धांत मांडला. आग्नेय आशियातील चिनी, पूर्व आफ्रिकेतील भारतीय, पश्चिम आफ्रिकेतील लेबनीज आणि युरोपातील ज्यू हे वरच्या उत्पादकांचा माल खालच्या गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवतात, आणि वरून सत्ता नसताना व खालून आपलेपणा नसताना मध्ये उभे राहतात. कल्पना उपयोगी आहे, पण तिचा अतिरेक केला की प्रत्येक दुकान म्हणजे पेटण्याची वाट पाहणारी काडी वाटू लागते. जेनिफर ली या समाजशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया येथील वस्त्यांत ज्यू, कोरियन आणि कृष्णवर्णीय दुकानदारांचा एकत्र अभ्यास केला, तेव्हा रोजचे बहुतेक व्यवहार साधे आणि सभ्य असल्याचे त्यांना आढळले. अनेक दुकानदारांनी वस्तीतलीच माणसे कामाला ठेवली होती आणि भांडण उद्भवले की तीच माणसे मध्ये पडत. हजारो दिवस काहीच घडत नाही आणि एका दिवशी सगळे घडते. अभ्यास करायला हवा तो या एका दिवसाचा आणि त्या हजारो दिवसांचाही.

आतापर्यंत तक्रार करणारा गिऱ्हाईक होता. दक्षिण आफ्रिकेत चित्र उलटे होते, आणि म्हणूनच ते पाहण्यासारखे आहे. तिथल्या कृष्णवर्णीय वस्त्यांतील घरगुती किराणा दुकानांना ‘स्पाझा’ म्हणतात; या शब्दात लपवलेले, झाकलेले असा अर्थ आहे, कारण वर्णभेदाच्या राजवटीत अशी दुकाने उघडपणे चालवता येत नसत. १९६३ च्या निर्बंधांनुसार कृष्णवर्णीय व्यापाऱ्याला वस्तीत एकच दुकान ठेवता येई आणि तेही रोजच्या गरजेच्या वस्तूंचे. व्यापार शिकून वाढण्याची संधी अशी आधीच छाटली गेली होती. १९९४ साली ही राजवट संपल्यानंतर सोमालिया, इथिओपिया, बांगलादेश आणि पाकिस्तान येथून माणसे आली, १९९८ च्या निर्वासित कायद्यामुळे त्यांना छावणीत न राहता शहरात काम करता आले, आणि त्यांनी याच वस्त्यांत दुकाने थाटली. अनेक सोमाली दुकानदार एकत्र मिळून घाऊक खरेदी करतात, वाहतुकीचा खर्च वाटून घेतात, पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत दुकान उघडे ठेवतात आणि दुकानातच झोपतात. भाव खाली येतात. खिशात महिन्याचा पैसा नसलेल्या गिऱ्हाइकाला अगदी सुटा, एक-एक नग मालही मिळतो.

इथे गिऱ्हाइकाचा फायदा होतो, आणि ज्याच्या पडवीत किंवा गॅरेजमध्ये दुकान आहे त्या स्थानिक घरमालकाला दरमहा भाडे मिळते. नुकसान होते ते स्थानिक स्पाझा चालवणाऱ्याचे. म्हणजे तणाव दुकानदार आणि रहिवासी यांच्यात असल्याचे वरून दिसले, तरी आत रहिवासीच विभागलेले असतात: एक स्वस्त माल घेतो, दुसरा भाडे घेतो, तिसऱ्याचे दुकान बंद पडते आणि चौथा, जो बेकार तरुण आहे, त्याला या तिन्हींतले काहीच मिळत नाही. मे २००८ मध्ये जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीतून सुरू झालेल्या परदेशीयांविरोधी हिंसाचारात ६२ माणसे मारली गेली. त्यांतली २१ माणसे दक्षिण आफ्रिकेचीच नागरिक होती. परका कोण हे जमाव ठरवू लागला की ते असे ठरते. प्रशासनही नेहमी तटस्थ राहिले नाही. लिम्पोपो प्रांतात २०१२ साली पोलिसांनी परदेशीयांची शेकडो दुकाने बंद पाडली, आणि निर्वासितांना व आश्रय मागणाऱ्यांना व्यापाराच्या परवान्यासाठी अर्ज करण्याचा हक्क आहे, असा निकाल अपील न्यायालयाला २०१४ मध्ये द्यावा लागला.

पुन्हा लॉस एंजेलिसकडे वळू या. लताशा हार्लिन्सच्या मृत्यूआधी १३ दिवसांपूर्वी पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय चालकाला केलेली मारहाण चित्रित झाली होती. दुकानातला कॅमेराही चालू होता. ज्यूरीने गोळी झाडणाऱ्या बाईंना सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी धरले. १६ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकत होता, परंतु न्यायाधीशांनी त्यांना प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगात न पाठवता देखरेखीखाली, सोडले, ४०० तासांची समाजसेवा आणि ५०० डॉलर दंड एवढीच शिक्षा दिली. २९ एप्रिल १९९२ रोजी किंगला मारणारे पोलीस निर्दोष ठरले आणि शहर पेटले. दोन्ही निकाल न्यायालयाचे होते, मारहाण पोलिसांची होती; जळाली ती दुकाने. कोरियन मालकीच्या सुमारे २,३०० व्यवसायांचे नुकसान झाले आणि ते सुमारे ४० कोटी डॉलरचे होते. पोलीस त्या भागातून मागे हटले तेव्हा काही दुकानदार बंदुका घेऊन छपरांवर उभे राहिले, आणि पुढे अनेकांना कळले की ज्यांच्याकडे विमा काढला त्या कंपन्या परवान्याशिवाय परदेशातून चालत होत्या आणि पैसे देणारच नव्हत्या. कोरियन समाजात या घटनेला ‘सा-इ-गु’, म्हणजे चार-दोन-नऊ, एवढेच म्हणतात. एक गोष्ट मात्र कृष्णवर्णीय विरुद्ध कोरियन या ठोकळेबाज मांडणीत बसत नाही: अटक झालेल्यांपैकी जवळपास निम्मे लॅटिनो होते.

त्या शहरात दोन्ही समाजांच्या प्रतिनिधींची संवाद-समिती १९८६ पासूनच अस्तित्वात होती आणि दंगलीनंतर काही महिन्यांत ती विसर्जित झाली. संवादाला अर्थ नाही असे मी म्हणत नाही, परंतु बैठकीत बसलेल्या कोणाच्याही हातात कर्ज, विमा, पोलीस किंवा न्यायालय नव्हते. खरा हितसंबंधांचा प्रश्न दंगलीनंतर पुढे आला. जळालेल्या दुकानांत सुमारे २०० दारूची दुकाने होती, आणि कॅरन बास यांच्या नेतृत्वाखालील रहिवाशांच्या संघटनेने ती पुन्हा उघडू नयेत अशी मोहीम चालवली. या बास पुढे शहराच्या महापौर झाल्या. वस्तीला कोपऱ्याकोपऱ्यावरची दारू आणि तिच्याभोवतीची गुन्हेगारी नको होती. दुकानदाराच्या दृष्टीने तो परवाना म्हणजे आयुष्याची सगळी कमाई होती. दोघांचेही म्हणणे रास्त होते आणि इथे गैरसमज औषधालाही नव्हता. जागेवर कपडे धुण्याची केंद्रे काढण्यासाठी मदत देण्याची योजना झाली. ती थोड्यांनीच घेतली, कारण तेवढ्या उत्पन्नात जुने कर्ज फिटत नव्हते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील सोवेटो वस्तीच्या नालेदी भागात सहा मुले विषबाधेने मेली. जवळच्या दुकानातला खाऊ खाल्ल्याने ती मेली असे लोक म्हणाले आणि परदेशी दुकानदारांविरुद्ध संताप उसळला. तपासणीत टर्बुफॉस हे शेतीसाठीचे अत्यंत विषारी कीटकनाशक सापडले. वस्त्यांतला कचरा नियमित उचलला जात नाही, उंदीर माजतात, आणि म्हणून लोक हे बेकायदा विष रस्त्यावरून आणि दुकानांतून स्वस्तात विकत घेतात. राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांनी नोव्हेंबरमध्ये देशातल्या सर्व स्पाझा दुकानांना २१ दिवसांत नोंदणी करण्याचा आदेश दिला, आणि पुढे मुदत वाढवावी लागली. नोंदणीच्या कचेऱ्यांबाहेर दुकानदारांच्या रांगा लागल्या. कचरा उचलण्याचे काम होते त्या नगरपालिकांना मात्र कोणी २१ दिवसांची मुदत दिली नव्हती.